बेड्या भंगारात विकून पुस्तकं घेणारी शाळा, आणि तिचं आमच्या नागपूरशी असलेलं नातं

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला राहायला येऊन आता पाच वर्षं होतील. हे शहर म्हटलं की लोकांना गिटार, काउबॉय बूट आणि ब्रॉडवेवर रात्रभर चालणारं गाणंबजावणं आठवतं, मी पण आले तेव्हा तेच बघितलं आणि भारतातून कोणी आलं की त्यांनाही तेच दाखवत राहिले. डाउनटाउनपासून गाडीने जेमतेम दहा मिनिटांवर, जेफरसन स्ट्रीटच्या बाजूला फिस्क युनिव्हर्सिटी आहे, तिच्यासमोरून मी शंभर वेळा गेले असेन, पण आत पाय ठेवला तो गेल्या वर्षी. ऑफिसमधली एक मैत्रीण तिथे शिकलेली आहे, ती म्हणाली चल एकदा, तुला ज्युबिली हॉल दाखवते. गेले आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. म्हणून एकदाचं लिहायला बसले.

आधी थोडं सांगते, कारण आपल्याकडे हार्वर्ड-एमआयटी सगळ्यांना माहिती असतं पण ‘एचबीसीयू’ (हिस्टॉरिकली ब्लॅक कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज) हा शब्द फार लोकांनी ऐकलेला नसतो. अमेरिकेत काळ्या विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या कॉलेजात, खास करून दक्षिणेत, प्रवेशच नव्हता, त्या काळात त्यांच्यासाठी म्हणून ज्या संस्था निघाल्या त्या ह्या. बऱ्याचशा चर्चच्या पैशावर आणि चर्चच्या माणसांनी चालवलेल्या. फिस्क त्यातलीच, आज जेमतेम हजार मुलांच्या आसपासची, युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टशी जोडलेली. आकाराने आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजएवढी म्हणा ना.

ही सुरू झाली ९ जानेवारी १८६६ ला. गुलामगिरी कायद्याने संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली डिसेंबर १८६५ मध्ये, म्हणजे जेमतेम महिना झाला होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने वापरलेल्या लाकडी बराकी रिकाम्या पडल्या होत्या, त्यात शाळा भरली. विद्यार्थी सात वर्षांपासून सत्तर वर्षांपर्यंतचे! कालपर्यंत ज्यांना अक्षर शिकवणं हा दक्षिणेतल्या कितीतरी राज्यांत गुन्हा होता ती माणसं, आजी आणि नात एकाच बाकावर. शाळा काढणारी संस्था होती अमेरिकन मिशनरी असोसिएशन, आणि नाव दिलं जनरल क्लिंटन फिस्क यांचं, त्यांनी बराकी मिळवून दिल्या म्हणून.

पैसे नव्हतेच. आणि मग ती गोष्ट, जी ऐकून मी ज्युबिली हॉलच्या पायरीवर अक्षरशः खाली बसले. नॅशव्हिलमध्ये गुलामांची खरेदी-विक्री व्हायची, विकायला आणलेली माणसं जिथे कोंडून ठेवायचे तिथे गंजलेल्या हातकड्या आणि बेड्या पडलेल्या होत्या, त्या गोळा करून भंगाराच्या भावात विकल्या, आणि त्या पैशातून आणली मुलांना स्पेलिंगची पुस्तकं आणि बायबलं. म्हणजे बघा, ज्या लोखंडाने बापाचे पाय बांधले असतील त्याच लोखंडाच्या पैशातून पोरगी एबीसीडी शिकली. मी दोन लेकरांची आई आहे, दर जूनमध्ये वह्या-पुस्तकांना कव्हरं घालत मोठी झालेली बाई आहे, मला त्या स्पेलिंगच्या पुस्तकाचा स्पर्श कसा असेल तेच सुचत राहिलं दिवसभर.

इथे एक गोष्ट मला मागाहून कळली ती आपल्या लोकांना सांगायलाच हवी. नगरचं आणि मुंबईचं अमेरिकन मराठी मिशन आपल्याला माहिती आहे, ‘ज्ञानोदय’ काढणारं. ते मिशन ज्या अमेरिकन बोर्डाचं होतं, त्या बोर्डाने गुलामगिरीविरुद्ध ठाम भूमिका घेतली नाही, गुलाम बाळगणाऱ्यांपासून अंतर ठेवलं नाही, म्हणून चिडलेल्या लोकांनी १८४६ मध्ये वेगळी संस्था केली, आणि तीच ही अमेरिकन मिशनरी असोसिएशन, फिस्क काढणारी. म्हणजे नगरच्या मिशन शाळा आणि नॅशव्हिलची ही शाळा एकाच घरातून भांडून वेगळ्या झालेल्या दोन भावांच्या. आपण ‘मिशनरी’ म्हटलं की सगळ्यांना एकाच पोत्यात घालतो, पण आतल्या आत केवढी भांडणं झाली होती आणि कशावरून.

आता एला शेपर्डबद्दल. मला फिस्कमधलं एकच माणूस निवडायला सांगितलं तर मी हिला निवडेन. १८५१ चा जन्म, गुलामगिरीतच. बापाने आपलं स्वातंत्र्य विकत घेतलं होतं, त्याने साडेतीनशे डॉलर भरून स्वतःच्याच लेकीला विकत घेतलं. आईला मात्र सोडवता आलं नाही, तिला मिसिसिपीला नेलं. (आई परत भेटली ती युद्ध संपल्यावर.) पुढे बाप कॉलऱ्याने गेला, घर बसलं. पोरगी सिनसिनाटीमध्ये संगीत शिकायची, पण शिकवणाऱ्या गोऱ्या बाईंची अट अशी की कोणाला सांगायचं नाही आणि यायचं ते रात्री, मागच्या दाराने. मग हिने एका गावात पाच महिने शाळा चालवली, त्यातून शिल्लक किती पडली तर सहा डॉलर. ते सहा डॉलर घेऊन ती फिस्कला आली. तिची ट्रंक इतकी लहान होती की मुलं तिला पाय ठेवायचा डबा म्हणून चिडवायची, हा पाय म्हणजे खायचा पाय, इथला तो गोड पदार्थ. सांगितलं गेलं की या पैशात तीन आठवडे आणि थोडे दिवस निघतील. ती म्हणाली मी काम करते. आणि राहिली, टेबलं वाढली, भांडी घासली, पियानो शिकवला, पुढे फिस्कमधली पहिली काळी शिक्षिका झाली.

१८७१ येईपर्यंत शाळेची अवस्था बिकट. बराकी कुजल्या होत्या, वारा आत यायचा, उधारी डोक्यावर. खजिनदार होते जॉर्ज व्हाइट, ते मुलांना गाणं पण शिकवायचे. त्यांनी ठरवलं की मुलांना घेऊन उत्तरेत जायचं, कार्यक्रम करायचे आणि पैसे उभे करायचे. मिशनरी असोसिएशनने पाठिंबा दिला नाही. लोकांनी वेड्यात काढलं. ६ ऑक्टोबर १८७१ ला, खजिन्यात होतं नव्हतं ते आणि जिथून मिळेल तिथून उसनं घेऊन, नऊ मुलं-मुली निघाली. एला पियानोवर.

सुरुवातीला ते गोऱ्यांना आवडतील अशीच गाणी गायचे, बॅलड वगैरे. स्वतःच्या आई-बापांची गाणी, ती शेतात राबताना, रात्री लपून प्रार्थना करताना म्हटलेली, ती त्यांनी लोकांसमोर म्हणायची नाहीत असंच धरलं होतं. एलाने लिहून ठेवलंय की ही गाणी आमच्यासाठी पवित्र होती आणि गुलामीच्या दिवसांशी बांधलेली होती, व्हाइटसरांच्या घरी जमिनीवर बसून, कारण खुर्च्या पुरेशा नव्हत्या, हळू आवाजात आम्ही एकमेकांकडून ती शिकायचो. लोकांपुढे म्हणायचं स्वप्नातही नव्हतं. मला हे फार जवळचं वाटलं. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या बाई कधी स्टेजवर म्हणायची का? ते तिचं आणि जात्याचं. आणि त्यात वेदना अशी की शिकल्यासवरलेल्या नातवंडांनाही वाटावं की हे नको, हे मागचं, हे झाकून ठेवा.

दौरा पण काही सुखाचा नव्हता. हॉटेलवाले खोली द्यायचे नाहीत, रात्री दारोदार फिरून कोणाच्या घरी ओसरी मिळते का बघायचं. थंडी सुरू झालेली आणि अंगावर धड कपडे नाहीत. आणि त्याच आठवड्यात शिकागोला मोठी आग लागली, शहराचा मोठा भाग जळाला, तर ह्या मुलांनी ओहायोमधल्या कार्यक्रमाचे पन्नासेक डॉलर जे मिळाले होते ते सगळेच्या सगळे आगीतल्या लोकांना देऊन टाकले. स्वतः उपाशी! हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून जरा वेळ गप्प बसले होते.

वळण आलं नोव्हेंबरमध्ये, ओबर्लिनला. तिथे काँग्रिगेशनल चर्चच्या पुढाऱ्यांची परिषद चालली होती, मधल्या वेळात सगळे आपापसात बोलतायत, गोंगाट, आणि ह्यांनी अगदी हलक्या आवाजात ‘स्टील अवे’ सुरू केलं. तेच, आई-बापांचं. सभागृह शांत झालं. तिथून पुढे ती गाणी मुख्य झाली, आणि ग्रुपला नाव मिळालं ज्युबिली सिंगर्स, बायबलमधल्या ज्युबिलीवरून, पन्नासाव्या वर्षी गुलामांना मोकळं करायचं ते वर्ष. पहिल्या दौऱ्यात त्यांनी वीस हजार डॉलर आणले. मग व्हाइट हाउसमध्ये अध्यक्ष ग्रँटसमोर गायले, १८७३ मध्ये इंग्लंडला जाऊन व्हिक्टोरिया राणीसमोर गायले. आणि त्या पैशातून उभा राहिला ज्युबिली हॉल, १ जानेवारी १८७६ ला त्याचं उद्घाटन झालं.

१८७३ वर मी जरा थांबते. त्याच वर्षी पुण्यात जोतिरावांचं ‘गुलामगिरी’ छापून आलं, आणि त्यांनी ते अर्पण कोणाला केलं तर गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. त्याच वर्षी सत्यशोधक समाज. आणि त्याच वर्षी इकडे, बहुतेक गुलामगिरीत जन्मलेली ही पोरं राणीसमोर उभी राहून मोझेसचं गाणं म्हणतायत, माझ्या माणसांना सोड म्हणून. जोतिरावांना ह्या मुलांबद्दल माहिती होतं असं मी म्हणत नाही. पण शाळेत अर्पणपत्रिकेची ती ओळ आम्ही पाठ केली होती आणि ‘अमेरिकेतले गुलाम’ म्हणजे माझ्या डोक्यात नुसता एक शब्द होता. आता त्या शब्दाला एलाचा चेहरा आहे, सहा डॉलर आहेत, ट्रंक आहे.

(ज्युबिली सिंगर्समधल्याच फ्रेडरिक लाउडिन यांनी पुढे स्वतःचा ग्रुप काढला आणि जगभर फिरले, ऑस्ट्रेलिया करून भारतातही आले आणि ताजमहालात गायले. घुमटाखाली तो आवाज कसा फिरला असेल.)

ज्युबिली हॉल आज मुलींचं हॉस्टेल आहे. लाल विटांची उंच इमारत, आत त्या गायकांचं भिंतभर पेंटिंग आहे, एडमंड हॅवेल नावाच्या इंग्रज चित्रकाराने काढलेलं. मी गेले तेव्हा त्याच्यापासून थोड्या अंतरावर एक मुलगी कपड्यांची बास्केट कमरेवर धरून फोनवर आईशी बोलत जिना चढत होती, माझ्या मैत्रिणीने तिला हात केला आणि तिने हसून परत हात केला. मला ते फार आवडलं. म्युझियम नाही केलं त्याचं, मुली राहतात तिथे.

फिस्कमधून बाहेर पडलेल्यांची नावं काढायची तर फार आहेत. डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस, काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेले मोठे लेखक-विचारवंत, सतराव्या वर्षी उत्तरेतल्या गोऱ्यांच्या गावातून इथे आले, १८८८ ला पदवी घेतली, आणि सुट्टीत टेनेसीच्या खेड्यांत जाऊन शाळा शिकवली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहिलं ते हेच ड्यु बॉइस. अमेरिकेतले काळे लोक युनोपुढे आपली कैफियत मांडतायत असं कळल्यावर बाबासाहेबांनी त्याची प्रत मागवली होती, आणि ड्यु बॉइसनी उत्तरही पाठवलं. ह्याच ड्यु बॉइसनी १९२४ मध्ये आपल्याच कॉलेजात येऊन तिथल्या गोऱ्या अध्यक्षाच्या जाचक नियमांवर भर सभेत टीका केली, पुढच्या वर्षी मुलांनी संप केला आणि अध्यक्षांना जावं लागलं. पहिला काळा अध्यक्ष मिळायला मात्र १९४६ उजाडलं, चार्ल्स जॉन्सन. ऐंशी वर्षं! देणगी देणारे, चर्च, बोर्ड, सगळे चांगल्या मनाचे असतील, पण सूत्रं सोडायला त्यांना ऐंशी वर्षं लागली, हे मला बोचतं आणि बोचायलाच हवं.

आणि आता नागपूर. ज्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

फिस्कमध्ये माझी मैत्रीण सांगत होती १९६० बद्दल, नॅशव्हिलमधल्या दुकानांत काळ्या माणसाने वस्तू विकत घ्यायच्या पण तिथल्या काउंटरवर बसून खायचं नाही असा नियम, तर मुलांनी जाऊन काउंटरवर बसायला सुरुवात केली, वगैरे. आणि बोलता बोलता ती म्हणाली की त्यांना शिकवलं जेम्स लॉसननी, ते तुमच्या इंडियात होते काही वर्षं, नागपूरला. मी म्हटलं काय? नागपूर? तिला पुन्हा म्हणायला लावलं.

खरंच. जेम्स लॉसन, मेथडिस्ट घरातला ओहायोत वाढलेला तरुण, कोरियाच्या युद्धात जायला नकार दिला म्हणून वर्षभराहून जास्त तुरुंगात राहिला, सुटल्यावर १९५३ मध्ये नागपूरला आला, हिस्लॉप कॉलेजात. मुलांना खेळ शिकवायचा. तीन वर्षं राहिला, गांधीजींबरोबर काम केलेल्या माणसांना भेटला, सत्याग्रह म्हणजे नेमकं काय ते समजून घेतलं. आणि माँटगोमेरीत काळ्या लोकांनी बसमधल्या भेदभावाविरुद्ध बसवर घातलेल्या बहिष्काराची बातमी त्याने वाचली ती नागपूरच्या पेपरमध्ये, डिसेंबर १९५५ ला! परत गेल्यावर मार्टिन ल्यूथर किंग भेटले, ते म्हणाले थांबू नकोस, आत्ताच दक्षिणेत ये. तो नॅशव्हिलला आला आणि फिस्कच्या जवळच्या चर्चमध्ये त्याने मुलांची शिबिरं सुरू केली. शिबिरात काय, तर अर्धी मुलं गुंड व्हायची, अर्धी काउंटरवर बसायची. शिव्या द्यायच्या, ढकलायचं, केस ओढायचे, आणि बसलेल्याने हात उचलायचा नाही, पाठ ताठ, तोंड काउंटरकडे.

मी त्याच रात्री बाबांना फोन केला, तिकडे सकाळ होती.
“हिस्लॉप? आपलं सिव्हिल लाइन्सचं हिस्लॉप?” बाबा म्हणाले.
“हो बाबा, आपलं हिस्लॉप.”
मग दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मी कॉलेजला जाताना रोज स्कूटीवरून त्याच्या बाजूने जायचे, दुसऱ्या कॉलेजात होते मी, आणि बाबा तर जन्मभर त्याच भागात नोकरीला. बाबांनी मग विचारलं, कधी गेला तो इथून? म्हटलं १९५६ ला. ते म्हणाले त्याच वर्षी दीक्षाभूमी. त्यांच्या वडिलांच्या खांद्यावर बसून गेले होते ते, इतकंच त्यांना आठवतं की माणसंच माणसं आणि सगळी पांढऱ्या कपड्यात.

१३ फेब्रुवारी १९६० ला सव्वाशेच्या आसपास मुलं डाउनटाउनमधल्या तीन दुकानांत जाऊन बसली. पुढे चालणाऱ्यांत फिस्कची डायन नॅश, तेव्हा एकवीस-बावीसची, शिकागोहून आलेली, दक्षिणेतला भेदभाव तिने पहिल्यांदाच एवढा जवळून बघितला होता. जॉन लुइस होते, ते तेव्हा नॅशव्हिलमधल्याच बॅप्टिस्ट सेमिनरीत, पुढे फिस्कची पदवी घेतली आणि खासदार झाले. २७ फेब्रुवारीला मारहाण झाली आणि अटक मात्र मार खाणाऱ्यांनाच, ८१ जण. जामीन घेतला नाही, दंड भरला नाही, आत राहिले. लॉसन तेव्हा जिथे शिकत होते त्या युनिव्हर्सिटीतून त्यांना काढून टाकलं. १९ एप्रिलला पहाटे मुलांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला, ते आणि त्यांची बायको वाचले. त्याच दिवशी हजारो लोक जेफरसन स्ट्रीटवरून सिटी हॉलपर्यंत चालत गेले, घोषणा नाहीत, गाणी पण नाहीत, नुसता पावलांचा आवाज. तिथे डायन नॅशने महापौरांना सरळ विचारलं, एखाद्या माणसाशी त्याच्या रंगावरून असं वागणं बरोबर आहे असं तुम्हाला वाटतं का? आणि महापौर नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी किंग फिस्कच्या जिममध्ये भाषणाला आले आणि म्हणाले, मी प्रेरणा द्यायला आलो नाही, घ्यायला आलोय. १० मे पासून काउंटर उघडले.

तो जेफरसन स्ट्रीट, जिथे काळ्यांची दुकानं होती, गाण्याचे क्लब होते, तो पुढच्या काही वर्षांत मधोमध हायवे नेऊन चिरला. आज मी त्याच हायवेवरून ऑफिसला जाते. हे कळल्यापासून त्या तुकड्यावर गाडी चालवताना दर वेळी आठवतं.

पैशाची चणचण फिस्कला कायमचीच. जॉर्जिया ओकीफ या मोठ्या चित्रकर्तीने १९४९ मध्ये कॉलेजला १०१ कलाकृती भेट दिल्या होत्या, न विकण्याच्या अटीवर. पन्नासाहून जास्त वर्षांनी कॉलेज बंद पडायची वेळ आली तेव्हा त्यातलं काही विकायचं ठरलं आणि कोर्टात वर्षानुवर्षं केस चालली. शेवटी २०१२ मध्ये अर्धी मालकी आर्कान्सामधल्या एका म्युझियमला तीन कोटी डॉलरला दिली, आता तो संग्रह दोन वर्षं इकडे दोन वर्षं तिकडे असतो. पहिल्यांदा मला राग आला, दिलेली भेट कशी विकतात म्हणून. मग वाटलं, ज्यांच्याकडे गडगंज निधी आहे त्या युनिव्हर्सिट्यांना असा प्रश्नच पडत नाही, हा प्रश्न फक्त फिस्कसारख्यांना पडतो, चित्रं ठेवायची की वर्ग. वर्ग ठेवले. मी पण तेच केलं असतं.

ज्युबिली सिंगर्स अजून आहेत, हे सांगायचं राहिलंच. दर वर्षी नवी मुलं, आणि २०२१ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं. दर ६ ऑक्टोबरला कॅम्पसवर ज्युबिली डे असतो आणि आजचे गायक पहिल्या गायकांच्या कबरींवर जाऊन गातात. एलाची कबर नॅशव्हिलच्या जुन्या सिटी सिमेट्रीत आहे. मी गेले होते मैत्रिणीबरोबर, बाजूने ट्रक जात होते, एकोणीस-वीस वर्षांची मुलं काळ्या कपड्यांत गोल उभी राहिली आणि माइक-बिइक काही नाही, इतक्या हळू सुरुवात केली की ऐकायला मला दोन पावलं पुढे जावं लागलं. मी फोनवर रेकॉर्ड करून बाबांना पाठवलं. आवाज नीट आला नाही म्हणाले. यंदा ते आणि आई सप्टेंबरमध्ये इकडे येतायत, तिकीट मी मुद्दाम ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतचं काढलंय.